न सांगितलेल्याचं काय धरायचं

त्या दिवशी सकाळपासून माझा फोन बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी पडून वाजत होता आणि मला त्याला हात लावता येत नव्हता. सासऱ्यांचं श्राद्ध होतं. पहाटे आंघोळ करून, सोवळ्याची लुगडी नेसून मी आणि माझी जाऊ स्वयंपाकाला लागलो होतो. सोवळ्यात असताना फोन, लॅपटॉप, गादी, शेजारीण, काही म्हणता काही शिवायचं नाही. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत नाही.

फोन कोणाचा हे मला न बघताच ठाऊक होतं. तिरुवैयारूचे सार. सार म्हणजे सर. आमच्या तंजावुरात ज्यानं कुणाला काही शिकवलं तो जन्मभर सार.

"अक्का, लक्ष कुठं आहे? कारलीं करपतात," जाऊ म्हणाली.

लक्ष अडीचकडे होतं. अडीचला आमची बैठक होती, आणि त्या बैठकीत सारांचं आणि माझं मिळून एकच म्हणणं गेलं नाही तर आमचा अख्खा गटच मोडणार होता. आणि मी इथं कारली परतत होते. बैठकीची तारीख ठरली तेव्हा मी कॅलेंडर पाहिलं, पंचांग पाहिलं नाही. पुढं जावेला सांगितलं तर म्हणते, "तिथी काय तुमच्या त्या अध्यक्षबाईंस पुसून येते?"

तर आधी हा गट कसला ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल भजनी मंडळ.

सॉफ्टवेअर लिहिण्याआधी ते काय करील, केव्हा करील आणि आभाळ कोसळलं तरी काय करणार नाही, हे लिहून ठेवावं लागतं. साध्या बोलीत लिहिलं तर दहा जण दहा अर्थ काढतात. म्हणून ते गणितासारख्या काटेकोर भाषेत लिहितात. इतक्या काटेकोर, की ते वाचून दुसरा एखादा प्रोग्रॅम त्यातली चूक काढून दाखवू शकतो. याला स्पेसिफिकेशन म्हणतात. आम्ही आपलं स्पेक म्हणतो. अडचण ही, की अशा भाषा पुष्कळ. एका कंपनीचा स्पेक दुसरीला वाचता येत नाही. म्हणून निरनिराळ्या देशांतल्या काही जणांनी एकत्र बसून सर्वांसाठी एकच भाषा ठरवायचं मनावर घेतलं. बसायचं म्हणजे आपापल्या घरी, स्क्रीनसमोर. त्यांत मीही, आणि सारही.

मी कॉलेजात गेले नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले, तिथून एका कचेरीत डेटा भरायला, आणि तिथल्या कपाटात पडलेली पुस्तकं वाचत वाचत पुढं. कालव्याची दारं आणि पंप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे स्पेक लिहिण्यात माझी वर्षं गेली. सार याच्या उलट. कॉलेजात शिकवत आले, स्वतःची एक स्पेकची भाषा रचली, आणि त्यांचे विद्यार्थी ती भाषा घेऊन कुठं कुठं कामाला लागले. दोघंही आता निवृत्त. दोघांनाही घरात कोणी विचारत नाही. म्हणून गटात जोर जास्त.

एक मात्र सांगते. 'प्रमाण भाषा' म्हटलं की मी सावध होते. आमची तंजावुरची मराठी ही तोंडातली, कागदावरची नव्हे. देवनागरी मी चाळिशीनंतर शिकले. एकदा पुण्याला एका लग्नात मी कुणाला तरी "पुसलें" म्हणाले, तर दोन पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. "काकू, तुम्ही ऐतिहासिक नाटकातल्यासारखं बोलता!" वाईट नव्हत्या हो पोरी. जेवताना मला आग्रहानं वाढलं. पण त्या दिवसापासून मला कळलं, की कुणीतरी कुठंतरी भाषा ठरवतं आणि आपलं रोजचं बोलणं एकाएकी गमतीचं होतं. मग आता तेच काम मी करायचं? गटाच्या प्रत्येक बैठकीत मी खुर्चीच्या टोकावर बसायची. आज आपण कुणाला हास्यास्पद करतोय?

त्या दिवशी पाळी सारांची होती, किंवा माझी. भांडण होतं ते न सांगितलेल्या गोष्टींवरून. स्पेकमध्ये लिहिलंय, 'ही कृती केली की हे असं होईल.' मग ज्याचं नावच घेतलेलं नाही, त्याचं काय? आमच्या घराण्याचा, म्हणजे मी ज्या पद्धतीनं लिहीत आले तिचा, नियम असा, की न सांगितलेलं जसंच्या तसं राहतं. सारांच्या घराण्याचा असा, की न सांगितलेल्याचं काहीही होऊ शकतं. खात्री हवी असेल तर तोंड उघडा आणि सांगा. दोन्ही नियमांवर वर्षानुवर्षं कामं चालली आहेत. कुणाचंच खोटं नाही.

आणि हे भांडण उघड्यावर आलं ते आम्हा दोघांच्या मैत्रीपायी. गटाला नमुन्यासाठी एक स्पेक हवा होता. आम्ही दोघांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, मुरुक्कू, म्हणजे तुमची चकली, खात, एका कालव्याचा स्पेक लिहिला. वरचं दार, खालचं दार, दोन्ही एकदम पूर्ण उघडायची नाहीत, नाहीतर खालचा बांध फुटेल. सार वाचत गेले, मी मान हलवत गेले. सगळ्यांनी वाहवा केली. मग माझ्या घराण्याच्या तपासनीस प्रोग्रॅमनं तो वाचला आणि म्हणाला, सुरक्षित. सारांच्या प्रोग्रॅमनं तोच वाचला आणि म्हणाला, वरचं दार उघडताना खालचं आपोआप उघडू शकतं, बांध फुटला.

वरचं दार उघडताना खालच्याचं काय, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. का लिहू? दोघंही कावेरीच्या पाण्यावर वाढलेली माणसं. कालव्याचं दार कसं चालतं हे एकमेकांना काय सांगायचं! परक्या माणसाबरोबर लिहिलं असतं तर नक्की लिहिलं असतं.

गटाच्या अध्यक्षबाई शांत बाई. त्या म्हणाल्या, तुम्ही दोघं एकाच भागातले, पुढच्या बैठकीला एकच परिच्छेद घेऊन या. नाही जमलं तर आपण थांबू, ज्यानं त्यानं आपापली भाषा घेऊन जावं. त्यांनीच मधला एक मार्गही सुचवला होता. तो मी 'लांबण' म्हणून झिडकारला आणि सारांनी 'पोरखेळ' म्हणून. तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं होतं.

फोन थांबला. मला वाटलं सुटले. तर तासाभरानं दारात चपला वाजल्या.

आमचं घर लांबट आहे. पुढच्या तिण्णैवरून, म्हणजे ओट्यावरून, बाहेरची खोली, मधलं दालन ओलांडून नजर थेट स्वयंपाकघरात येते. सार बसनं आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता.

"अम्मा, फोन का उचलत नाही?" त्यांनी तिथूनच तमिळमध्ये विचारलं.

"श्राद्ध आहे, सार."

"अय्यो." ते अर्धी चप्पल काढून तसेच उभे राहिले. "मग मी जातो."

"जाताय कुठं? बसा. काफी मात्र मिळणार नाही. ब्राह्मण जेवेपर्यंत या घरात कुणाला काही नाही."

"पाणी?"

"पाणी आहे."

आमच्या ह्यांनी त्यांना तांब्या दिला आणि गुरुजींची वाट बघायला पुन्हा दारात गेले. गुरुजींना आधी दुसरीकडचं एक श्राद्ध होतं. 'येतोच' म्हणाले होते. गुरुजींच्या 'येतोच'चा स्पेक अजून कुणी लिहिलेला नाही.

"माझा परिच्छेद आणलाय," सार म्हणाले.

"माझाही तयार आहे."

"तुमचा मी वाचला. न सांगितलेलं तसंच राहतं! कोण म्हणतं? तुमची सासू?"

"आणि तुमचा नियम पाळायचा तर दार उघडा म्हणताना पंखा, दिवा, शेजारचं गाव, सगळ्यांची नावं घेत बसायचं!"

"घ्यायची. कंटाळा आला म्हणून बांध फुटू द्यायचा?"

घराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला असं चाललं होतं. जाऊ वडे थापता थापता म्हणाली, "अक्का, भांडा, पण ढवळत भांडा. खीर लागेल."

घड्याळ माझ्या पाठीशी होतं. मी दर दोन पळ्यांनी वळून बघत होते. गुरुजी आले तेव्हा एक वाजून गेला होता. मंत्र सुरू झाले. माझ्या लक्षात आलं, अडीचला मी वाढत असणार. माझा परिच्छेद लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, आणि त्याला हात लावू शकणारा माणूस घरात एकच. तोच माझा विरोधक.

"सार," मी हळू आवाजात ओरडले. हे असं ओरडता येतं, लग्नघरात नि श्राद्धघरात शिकतो आपण. "लॅपटॉप उघडाल का?"

"पासवर्ड?"

काय करते? सांगितला. "म्हैसूरपाक. सगळी लहान अक्षरं."

जावेनं झारा खाली ठेवला. "डॉक्टरांनी साखर बंद केली, आणि अक्कांचा पासवर्ड म्हैसूरपाक!"

"मसुदा उघडा. दुसऱ्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य काढा," मी सारांना सांगितलं.

"काढलं. बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"बाकीचं ठेवू की तेही काढू? तुम्ही सांगितलं नाही."

"सार!"

म्हातारा हसत होता, मला पाठमोरा दिसत असूनही कळत होतं. उपाशी माणसाला एवढी गंमत सुचते कशी?

आता स्वयंपाकघरातली एक रीत सांगायला हवी. शिजलेला भात हाताला लागला की तो हात खरकटा. तो धुतल्याशिवाय तूप, दूध, दही शिवायचं नाही. दोघी बायका एका चुलीशी असल्या की आम्ही सारखं बोलत असतो, "भात मी घेतलें", "तूप तुम्ही", "हात धुतला". लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा जाच वाटायचा, आणि महिन्यातले ते दिवस मागच्या खोलीत चटईवर बसून काढलेत, म्हणून तो शब्द 'शिवू नको' मला आजही टोचतो. आता वर्षातून हा एक दिवस पाळते, ह्यांच्यासाठी आणि जावेसाठी. हात मात्र विसरत नाहीत. तोंड आपोआप बोलतं.

त्या दिवशी बोललं नाही. दालनातून गुरुजींनी हाक दिली, "पानं मांडा!" मी दारात उभी राहून सारांना तिसरं वाक्य सांगत होते. जाऊ भात उपसत होती. मी वळून पाहते तर तुपाचं भांडं चुलीजवळून उचलून फळीवर ठेवलेलं.

"तूप कुणी हलवलं?"

"तुम्हीच."

"मी नाही. मी तर दारात होते."

जावेचा चेहरा उतरला. "मग मीच असेन. पण हात धुतला होता कीं नाही... मजला आठवत नाही, अक्का."

"खरकट्या हातानं शिवलं असतंस तर बोलली असतीस की," मी म्हणाले. घाई होती ना. "बोलली नाहीस म्हणजे तूप चांगलंच आहे."

"असें कसें धरतां? मी घाईत होतें. न बोलतां शिवलें असेन."

"मग काय वडे, खीर, सगळंच शिवलं असशील असं धरू?"

"तसें कां? वडे मी सांगून तळले, खीर तुमच्या हातीं. तुपाचें तेवढें कोणी बोललें नाही." तिनं भांडं उचलून कोपऱ्यात ठेवलं. "तें तिथें राहूं दे. अंदाज नको. नवें कढवितें."

"वेळ होतोय!" दालनातून ह्यांचा आवाज.

"होऊं द्या. सासऱ्यांस घाई नाही," जाऊ म्हणाली आणि लोण्याचा डबा काढला.

मी तशीच उभी. बाहेरच्या खोलीतून कळा दाबल्याचा आवाज येत होता. भरभर. मी तर काहीच सांगितलं नव्हतं.

"सार, काय लिहिताय?"

"तूप बाजूला ठेवतोय."

आमची घरातली मराठी त्यांना बोलता येत नाही, कळते मात्र सगळी. मला पुढं विचारावं लागलं नाही. अध्यक्षबाईंनी सुचवलेला मधला मार्ग, तीच ती ओळ. प्रत्येक कृतीनं आपण कशाकशाला हात लावणार, ते सुरुवातीलाच एका ओळीत सांगायचं. त्या ओळीत ज्याचं नाव नाही ते जसंच्या तसं राहणार. आणि ती ओळच नसेल तर? तर माझ्या नियमानं चांगलं धरायचं नाही आणि सारांच्या नियमानं वाईटही धरायचं नाही. तो मजकूर स्पेक म्हणून घ्यायचाच नाही. परत पाठवायचा.

याचा अर्थ मला लगेच कळला. मी आयुष्यभर लिहिलेल्या एकाही स्पेकमध्ये ती ओळ नव्हती. सारांच्या भाषेत तर तिला जागाच नव्हती. म्हणजे त्यांची सगळी भाषाच मागं पडणार. आणि हे ते आपल्या हातानं, माझ्या लॅपटॉपवर, रिकाम्या पोटी लिहीत होते.

"विचार केलात?" मी विचारलं.

"विचार करून आलो असतो तर दुसरंच लिहिलं असतं," ते म्हणाले. मग वाचून दाखवलं. इंग्रजीत त्यांनी 'शिवते' अशा अर्थाचाच शब्द घातला होता.

"तो शब्द नको, सार."

"का? बरोबर आहे. उघडं दार पुन्हा उघडा म्हटलं तर बदलत काही नाही, शिवलं मात्र जातं."

"बरोबर असेल. पण जगभरच्या स्पेकांत तो मी घालू देणार नाही. 'बदलू शकते' लिहा."

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मी लुगड्याचा पदर सावरत दारात उभी, हातात पळी. त्यांच्याही घरी आई होती, बायको होती, समजले असतील. "सरि," म्हणजे बरं, म्हणाले आणि शब्द बदलला. "बाकीचं तसंच ठेवतो हं. सांगून ठेवतो."

अडीच वाजले तेव्हा मी पानांवर वडे वाढत होते. सारांनी कानात इअरफोन घातले होते, म्हणून गटाचं बोलणं त्यांनाच ऐकू येत होतं. मला ऐकू यायचं फक्त त्यांचं, तेही मंत्रांच्या आणि 'वाढा, वाढा'च्या मधून.

"नो, ती येऊ शकत नाही." इंग्रजीत. "ती सर्व्ह करते आहे." मग, "नाही, सर्व्हर नव्हे, जेवण." मी खीर घेऊन गेले. "होय, आम्हा दोघांचं." गुरुजी म्हणाले, "वहिनी, खीर पानाबाहेर चालली." मी पळी सरळ केली. "माझ्या भाषेचं? होय. मला समजतं त्याचा अर्थ काय ते." मग आवाज इतका खाली गेला की काही कळेना. मी मिरीची चटणी वाढायला गेले, ती आधीच वाढलेली. पुन्हा वाढली. गुरुजींनी ती बिचाऱ्यांनी पानाच्या कडेला सारली.

एकाएकी सार हसले. हसण्यावरून काय समजायचं? माणूस गेलं की लोक हसत नाहीत एवढंच मला ठाऊक. भाषा गेली की काय करतात?

ब्राह्मण उठले, दक्षिणा झाली, तरी ह्यांचे नमस्कार संपेनात. मी मागं जाऊन हातपाय धुतले आणि ओल्याच पायांनी बाहेरच्या खोलीत आले. आता शिवायला हरकत नव्हती. आधी स्क्रीनला हात लावला. ती काळी झाली होती.

"सांगा तरी!"

"घेतलं," सार म्हणाले. "सगळ्यांनी. अध्यक्षबाईंनी विचारलं, जुन्या स्पेकांचं काय? मी म्हटलं, सगळे परत. तिचे आणि माझे. ओळ घाला, मग आत या." ते लॅपटॉप मिटत होते, पण तो नीट मिटत नव्हता. "पोरं मला विचारतील, सार, तुम्हीच शिकवलंत ते आता चालत नाही?"

"काय सांगाल?"

"अम्मा, मला भूक लागली आहे."

जावेनं त्यांचं पान मांडलं. भात वाढला, हात धुतला आणि "हात धुतला" असं मोठ्यानं बोलून मगच तूप घेतलं. सार मान खाली घालून जेवले. दोनदा खीर घेतली. पुण्याच्या त्या पोरींची मला आठवण झाली. त्या हसल्या होत्या, आणि मग मला आग्रहानं वाढलं होतं. मी सारांना तिसऱ्यांदा वाढायला गेले. जास्त काही मला जमलं नाही.

ते गेले. सगळे आडवे झाले. मला कुठली झोप? गट राहिला, भाषा एक झाली, आता शांत व्हावं की नाही माणसानं? मी कालव्याचा तो स्पेक उघडला. म्हटलं, पहिली ओळ त्यातच घालावी, मुहूर्ताला. कृती: वरचं दार उघडणे. काय बदलू शकतं: वरचं दार. लिहिलं. आणि पाणी?

दार उघडलं की खालची पातळी चढते. पण दार काही पाणी चढवत नाही. पाणी आपलं आपण येतं. मग ओळीत पाण्याचं नाव घालायचं की नाही? घातलं तर दारानं पाण्याचं हवं ते करावं असं होतं. नाही घातलं तर पाणी जागचं हलायचं नाही, आणि मग दार उघडून फायदा काय? दुपारी सगळ्यांनी मान्य केलेली ओळ, संध्याकाळच्या आत मला पुरेना.

मी फोन उचलला. सार बसमध्ये होते, गर्दीचा आवाज.

"सार, पाण्याचं काय करायचं?"

"कुठल्या पाण्याचं?"

"दार उघडल्यावर जे येतं त्याचं. ते आपण बदललं की ते आपणहून आलं?"

तिरुवैयारूच्या वाटेवर एकामागून एक नद्या आणि पूलच पूल.

"थांबा," सार म्हणाले, "पुलावर आलोय. खाली बघून सांगतो." मग खिडकीपाशी बसलेल्या कुणा पोराला म्हणाले, "तंबी, डोकं जरा बाजूला घे."

मी फोन कानाला लावून उभी राहिले.